वाऱ्याचा रकाना

सहलीची यादी आज सकाळी आली. नवऱ्याच्या नावापुढे लिहिलंय, 'रायडर (ॲडव्हान्स्ड)'. माझ्या नावापुढे लिहिलंय, 'सोबती (सायकल न चालवणारी)'.

एवढ्यावर थांबले असते तरी मी गिळलं असतं. पण सोबत्यांचा स्वतंत्र कार्यक्रम जोडलाय. रायडर मंडळी निघाली की सोबत्यांनी सामानाच्या गाडीत बसायचं, पुढच्या मुक्कामी जायचं, वाटेत एक वस्तुसंग्रहालय, मग 'मुक्त वेळ', आणि संध्याकाळी 'रायडर्सचे टाळ्यांच्या गजरात स्वागत'. टाळ्या मी वाजवायच्या. कोणासाठी, तर घरातल्या व्यायामाच्या सायकलवर बसून मालिका बघणाऱ्या माणसासाठी. ती सायकल जागची हलत नाही आणि तिच्यावर बसलेला तोही फारसा हलत नाही. भर पावसात, रेनकोट घालून पहाटे बाहेर पडते ती मी. सोबती मी.

सहल शोधली कोणी? तेही मीच. कित्येक संध्याकाळी मी नकाशे बघण्यात घालवल्या आहेत. डॅन्यूब नदीकाठचा, जर्मनीतल्या पासाउ ते ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंतचा सायकलरस्ता मला झोपेत विचारा. 300 किलोमीटरहून थोडा जास्त, आणि बहुतेक सगळे प्रवाहाच्या दिशेनेच जातात, कारण नदीने उतार आधीच शोधून ठेवलेला असतो. जपानमधला शिमानामी काइदो हा सायकलमार्ग तर माझ्या मनातच बसलाय. ओनोमिची ते इमाबारी, साधारण 70 किलोमीटर, बेटांवरून बेटांवर जाणारे पूल आणि चुकू नये म्हणून रस्त्याच्या कडेला रंगवलेली निळी रेघ. खालून जहाजं जायची म्हणून पूल उंच. पण त्या पुलांवर चढवणाऱ्या सायकलवाटा वळसे घेत घेत नेल्यात, चढ तीन टक्क्यांच्या आसपास राहील अशा बेताने. म्हणजे कोणीतरी इंजिनिअर ड्रॉइंगसमोर बसून माझ्या गुडघ्यांचा विचार करत होता. हे वाचलं तेव्हा मला खरोखर भरून आलं. माझ्या गुडघ्यांचा विचार घरातही कोणी करत नाही.

शेवटी एक आवाक्यातली नदीकाठची सहल ठरवली. दोघांची नावं नोंदवली. आणि मग 'फिटनेस प्रोफाइल'साठी आयोजकांकडून फोन आला.

फोनवरचा मुलगा अतिशय नम्र होता. इतका नम्र, की त्याच्यावर ओरडता येत नव्हतं, आणि त्या संभाषणात माझी पहिली हार तिथेच झाली.

"मॅडम, तुमचा सरासरी वेग किती?"

"कुठे?"

"म्हणजे?"

"सपाटीवर, चढावर, का वारा समोरून असताना?"

"जनरल, मॅडम."

मी एवढी वर्षं सायकल चालवतेय, पण जनरल रस्ता मला अजून लागलेला नाही. मी त्याला समजावायला घेतलं. म्हटलं, हे बघा, मी ताशी वीसने चाललेय आणि समोरून पंधराचा वारा आहे, तर हवेच्या लेखी माझा वेग पस्तीस. हवेचा विरोध वाढतो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणजे वारा नसताना जेवढा होता त्याच्या तिप्पट विरोध झाला. पाय तेच, सायकल तीच, मग वेग किती सांगू?

पलीकडे कीबोर्डचा आवाज. मग शांतता.

"मॅडम, वाऱ्याला कॉलम नाहीये."

"मग काय करायचं?"

"रिमार्क्समध्ये टाकू का?"

"टाका."

"स्पेलिंग सांगता?"

"कशाचं?"

"वाऱ्याचं."

मी सांगितलं. एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. त्याने ते परत म्हणून दाखवलं आणि "थँक यू मॅडम" म्हणाला.

"आता तुम्ही स्वतःला नवशिक्या समजता, मध्यम समजता, का ॲडव्हान्स्ड?"

"तुमच्याकडे मध्यम कोणाला म्हणतात?"

"जो नवशिक्या नाही आणि ॲडव्हान्स्डही नाही, तो."

"आणि ॲडव्हान्स्ड?"

"जो स्वतःला ॲडव्हान्स्ड म्हणतो तो, मॅडम."

संपूर्ण संभाषणातलं हे एकमेव सरळ उत्तर. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं, असं म्हणणारे म्हणतील. मला नाही वाटत. विचारलेल्या प्रश्नाचं नीट उत्तर देणाऱ्या बाईने सावध का राहायचं?

मग मी म्हटलं, आता मी विचारते. "रोजचा चढ किती आहे?"

"मॅडम, रूट एकदम सीनिक आहे."

"ते कळलं. चढ?"

"व्ह्यू पॉइंट्स भरपूर आहेत."

"व्ह्यू पॉइंट वर असतात का खाली?"

"वर."

"मग चढ आहे."

"नाही मॅडम, व्ह्यू खालचा आहे."

इथे मी पाणी प्यायले.

"बरं, तुमच्या माहितीपत्रकात 'सरासरी चढ एक टक्का' असं लिहिलंय. तो कसा विभागलाय?"

"समान असेल, मॅडम. सरासरी आहे ना."

सरासरी या गोष्टीवर माझा जुना राग आहे. दहा किलोमीटरमध्ये शंभर मीटर चढ म्हणजे सरासरी एक टक्का. बरोबर. पण त्यातले नऊ किलोमीटर सपाट असतील आणि शेवटचा एक किलोमीटर दहा टक्क्यांचा भिंतीसारखा उभा असेल, तरी सरासरी एक टक्काच. पत्रक खोटं बोलत नाही. तुम्ही मात्र त्या शेवटच्या किलोमीटरला सायकल हातात धरून, बुटांच्या तळाच्या, पेडलमध्ये अडकणाऱ्या क्लीट्सवर टकटक करत चालत असता, आणि शेजारून जाणाऱ्या गाडीतली माणसं खिडकी खाली करून सौजन्याने विचारतात, काही बिघडलंय का. म्हणून एकूण चढाईचा आकडा नुसता वाचू नये, तिचा आलेख मागावा.

तो मी मागितला होताच. त्यांनी जीपीएक्स फाइल, म्हणजे नकाशावर उघडणारी वाटेची नोंद, पाठवली. ती ॲपमध्ये उघडली तर वाटेच्या मधोमध एक सुळका उभा, नदी सोडून थेट आकाशात. मला अंदाज होता की तिथे बोगदा असणार. अशा ॲपमधली उंची बरेचदा उपग्रह किंवा अवकाशयानाने वरून मोजलेली असते. 'एन्डेव्हर' यानाने फेब्रुवारी 2000 मध्ये रडारने पृथ्वीचा बराचसा भाग मोजला, त्या आकड्यांवर आजही कितीतरी नकाशे चालतात. पण वरून मोजणाऱ्याला डोंगराचा माथा दिसतो, पोटातला बोगदा दिसत नाही. त्यामुळे तुम्ही बोगद्यातून सरळ गेलात तरी आलेख तुम्हाला डोंगर चढवून उतरवतो. उगाच घाबरायचं कारण नसतं. फक्त तिथे खरंच बोगदा आहे एवढं विचारून घ्यावं लागतं.

"तिथे बोगदा आहे का हो?"

"बघतो मॅडम." बराच वेळ गेला. "बोगदा व्ह्यू पॉइंट्सच्या लिस्टमध्ये नाहीये."

"नसणारच. बोगद्यातून काय दिसणार?"

"बरोबर, मॅडम. म्हणूनच नसेल."

आम्हा दोघांना एकमेकांचं म्हणणं पटलं होतं आणि माझ्या हाती काहीही लागलेलं नव्हतं.

"वाटेत कोणी थकलं तर?"

"सपोर्ट गाडी आहे ना, मॅडम."

"ती कुठे असते?"

"पुढच्या मुक्कामी."

"पुढच्या?"

"त्यात सामान असतं. ते आधी पोचायला लागतं."

"आणि मेकॅनिक?"

"गाडीत."

हे मात्र मला अजिबात विनोदी वाटलं नाही आणि आत्ता लिहितानाही वाटत नाही. तूर द फ्रान्स या सायकल शर्यतीने 1910 साली पिरेनीजच्या डोंगरांत मागे पडलेल्यांना गोळा करायला गाडी ठेवली. तिला नावच 'झाडूवाली गाडी' पडलं. नावात अपमान आहे, कबूल, पण ती निदान मागून तरी येते! शंभराहून जास्त वर्षांपूर्वी लोकांना कळलं होतं की थकलेला माणूस मागे असतो. सपोर्ट गाडी पुढच्या मुक्कामी उभी करणं म्हणजे बुडणाऱ्यासाठी किनाऱ्यावर टॉवेल घेऊन उभं राहणं. कोणतीही आयोजित सहल घेताना बाकी काही विचारू नका, गाडी कुठे असते एवढं विचारा. शेवटच्या रायडरच्या मागे कोण असतं ते विचारा. पत्रकावर सूर्यास्ताचा फोटो असतो, त्यात हे दिसत नाही.

याच्यापेक्षा फ्रान्समधल्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीचे, ते पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसवाले परवडले. 1891 पासून चालू आहे ते, हल्ली चार वर्षांनी एकदा. बाराशे किलोमीटर, जास्तीत जास्त 90 तास, वाटेत आपलं आपण बघायचं. तिथे कोणी 'सीनिक' म्हणत नाही आणि टाळ्या वाजवायला कोणाला गाडीत कोंबून नेत नाही.

तर, बोगदा झाला, गाडी झाली, आणि तो मुलगा तेवढ्याच नम्रपणे म्हणाला, "मॅडम, मिस्टर आहेत का जवळ?"

मिस्टर जवळच होते. सोफ्यावर.

"सर, तुमचा सरासरी वेग?"

"पंचवीस-तीस."

"लेव्हल?"

"ॲडव्हान्स्ड."

"थँक यू, सर."

झालं. एका मिनिटाच्या आत. वारा नाही, चढ नाही, बोगदा नाही. मी डोळे वटारले तर म्हणतो, "अगं, त्यांना काहीतरी भरायचं असतं. एवढं काय मनावर घेतेस?" पंचवीस-तीस हा आकडा त्याने कुठून आणला विचारलं, तर म्हणाला, मशीनच्या स्क्रीनवर येतो.

यादी आल्यावर मी त्यांच्या हेल्पलाइनला फोन लावला. चार दाबा, मग दोन दाबा, मग परत चार. तिथे दुसरा कोणी होता, तितकाच नम्र. त्याने सांगितलं की माझं प्रोफाइल अपूर्ण राहिलं. वेगाच्या ठिकाणी आकडा नाही, लेव्हल रिकामी, आणि रिमार्क्समध्ये फक्त 'वारा' असं लिहिलंय. अशा वेळी सिस्टिम आपोआप सोबती करते.

"मग आता बदला."

"बदलता येईल मॅडम, फक्त मुख्य प्रवाशाकडून मेल लागेल."

"मुख्य प्रवासी कोण?"

"ज्यांचं प्रोफाइल पूर्ण आहे ते."

म्हणजे मी सायकल चालवते हे माझ्या नवऱ्याने लेखी द्यायचं. 1894 साली ॲनी लंडनडेरी नावाची बाई, तीन मुलांची आई, सायकलवरून जगप्रवासाला बॉस्टनहून निघाली. आडनाव मूळचं नव्हे, झऱ्याचं पाणी विकणाऱ्या एका कंपनीकडून पैसे घेऊन त्यांचं नाव लावलेलं आणि त्यांची पाटी सायकलवर टांगलेली. सायकल शिकून तिला फार दिवस झाले नव्हते, आणि पुढे बरंचसं अंतर तिने बोटीतून कापलं अशी तिच्यावर टीका झाली. आमच्या सिस्टिमने तिला पहिल्या बंदरावरच सोबती केलं असतं. अमेरिकेतलं आयोवा राज्य आडवं पार करणारी रॅगब्राय नावाची मोठी सायकल सहल आहे, 1973 मध्ये दोन वर्तमानपत्री स्तंभलेखकांनी सुरू केली, 'आम्ही निघालोय, यायचं तर या' असं वाचकांना सांगून. त्या पहिल्या वर्षी क्लॅरेन्स पिकार्ड नावाचे 83 वर्षांचे आजोबा आले, बायकांच्या सायकलवर, ऐन उन्हाळ्यात आतून लांब लोकरी कपडे घालून आणि डोक्यावर शिकारी टोपी चढवून. शेवटपर्यंत पोचले. त्यांना सरासरी वेग कोणी विचारला असता तर काय म्हणाले असते कोण जाणे. जनरल, म्हणाले असते.

मेल काही मी मागितली नाही. मी त्यांना नवं प्रोफाइल पाठवलंय. वेग: तीस. लेव्हल: ॲडव्हान्स्ड. रिमार्क्स: काही नाही. पाच मिनिटांत 'अभिनंदन' आलं. आता मी खोटी निघाले आणि त्यांच्या लेखी माझी माहिती पूर्ण झाली. जिथे माझ्यासारख्या पंधरा-अठराने जाणाऱ्या बाईलाही तीस लिहावं लागतं, तिथे त्या यादीतल्या बाकीच्या ॲडव्हान्स्ड मंडळींचं काय असेल, आणि त्यातला कोण कोणत्या चढावर बसकण मारेल, आणि गाडी तर पुढच्या मुक्कामी. पण हे विचारायला रकाना नाही.

मघाशी नवरा माझ्या खोलीच्या दारात आला. हातात पॅड लावलेली नवी कोरी सायकल शॉर्ट. उलटसुलट करून बघत होता.

"अगं, ही आतल्या चड्डीवरून घालायची ना?"

घालत नाहीत. तिच्या आत काहीच घालत नाहीत. शिवणी घासून कातडी सोलवटते, आणि दुसऱ्या दिवशी ॲडव्हान्स्ड माणूससुद्धा उभ्याने नाश्ता करतो. हे कोणतंही पत्रक लिहीत नाही. मला अर्थातच माहीत आहे.

"हेल्पलाइनला विचार," मी म्हटलं. "चार दाब, मग दोन, मग परत चार."