ग्रँटचे गुलाम आणि लीचं औदार्य: एका फॉरवर्डची झडती

अमेरिकेतल्या यादवी युद्धाचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरतो. उत्तरेचा सेनापती आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला युलिसिस ग्रँट म्हणे तेरावी घटनादुरुस्ती, म्हणजे देशभरातली गुलामगिरी रद्द करणारी दुरुस्ती, होईपर्यंत गुलाम बाळगून होता, कारण ‘हल्ली कामाला चांगली माणसं मिळत नाहीत’. दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली याने मात्र आपले गुलाम युद्धाआधीच सोडले. सबब, युद्ध गुलामगिरीवरून झालंच नाही. चार ओळींत इतक्या थापा बसवायलाही कसब लागतं.

ग्रँटच्या नावावर नोंद सापडते ती एकाच माणसाची, विल्यम जोन्सची. १८५४ मध्ये लष्कराचा राजीनामा देऊन ग्रँट मिसुरी राज्यात सासऱ्याच्या जमिनीवर शेती करायला आला. शेती धड चालेना. सेंट लुईसच्या रस्त्यावर त्याने सरपणही विकलं. जोन्सला त्याने सासऱ्याकडूनच विकत घेतलं होतं. २९ मार्च १८५९ च्या मुक्तिपत्रात जोन्सचं वर्णन आहे: वय सुमारे ३५, उंची सुमारे ५ फूट ७ इंच, आणि यापुढे कायमचा मुक्त. त्याला विकला असता तर चांगली रक्कम हाती आली असती, आणि घरात पैशाची चणचण होतीच. तरी विकला नाही. युद्धाला तेव्हा दोन वर्षं अवकाश होता.

म्हणून ग्रँट धुतल्या तांदळासारखा ठरत नाही. सासऱ्याच्या गुलामांच्या कष्टांचा फायदा त्यानेही घेतला. बायको ज्युलिया वडिलांकडच्या चार गुलामांना आपलेच समजायची. त्यांतली एक बाई युद्धकाळात छावणीपर्यंत तिच्याबरोबर असे. हे झाकायचं कारण नाही. पण मिसुरीने ११ जानेवारी १८६५ रोजीच गुलामगिरी रद्द केली आणि तेरावी दुरुस्ती मंजूर झाली त्या वर्षीच्या डिसेंबरात. तारखाच जुळत नाहीत.

‘चांगली माणसं’ हे वाक्य ग्रँटच्या पत्रांतही नाही, आत्मचरित्रातही नाही. ऑगस्ट १८६३ च्या एका पत्रात मात्र तो सरळ लिहितो की आपण कधीच गुलामगिरीविरोधी चळवळीतले नव्हतो, पण उत्तर-दक्षिण शांततेने नांदायचे तर एकच राष्ट्र म्हणून, आणि तेही गुलामगिरीशिवाय.

आता ली. त्याचे सासरे जॉर्ज कस्टिस १८५७ मध्ये वारले. पाच वर्षांच्या आत गुलामांना मुक्त करा, असं त्यांचं मृत्युपत्र होतं. अंमलबजावणी लीकडे आली, तर हा गडी मुदत वाढवून मागायला कोर्टात गेला! १८५९ मध्ये या गुलामांपैकी वेस्ली नॉरिस बहीण आणि चुलत भावाबरोबर पळाला, पण पकडला गेला. लीच्या हुकमाने आपल्याला ५० फटके मारले आणि वर पाठीवर खारं पाणी ओतलं, अशी नॉरिसची १८६६ ची जबानी आहे. लीने मुक्तिपत्रावर सही केली ती २९ डिसेंबर १८६२ ला. युद्ध तेव्हा दीड वर्षाहून अधिक काळ पेटलेलं होतं. औदार्य कसलं, मुदत संपली होती.

राहिला निष्कर्ष. युद्ध कशावरून झालं हे दोन सेनापतींच्या घरातून ठरत नसतं. त्यासाठी देशातून फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांचे स्वतःचे जाहीरनामे वाचावेत. जानेवारी १८६१ मध्ये मिसिसिपीने पहिल्याच परिच्छेदांत सांगून टाकलं आहे की आमची भूमिका गुलामगिरीच्या व्यवस्थेशी पूर्णपणे एकरूप आहे.