फणीचे तीन दात

गेल्या रविवारी मंडळाच्या गणेशोत्सवात माझ्या लेकीच्या केसांत एका काकूंच्या फणीचे तीन दात तुटले आणि माफी मी मागितली. वर "भरून देते हं" असंही बोलून बसले. आज बुधवार. "फणीचं बघितलंस का गं?" म्हणून काकूंचा व्हॉट्सअ‍ॅपवर दुसरा निरोप आलाय, शेवटी हात जोडलेले. ते जोडलेले हात बघून माझं डोकं जास्त फिरतं.

आधीची हकीकत थोडक्यात. मी डोंबिवलीची, नवरा न्यूअर्कचा, ब्लॅक. बिऱ्हाड न्यू जर्सीत, लेक सात वर्षांची. माझ्या माहेरचे केस दाट, त्याच्या घरचे घट्ट कुरळे, आणि दोन्ही घरांनी पोरीला देताना हात आखडता घेतला नाही. ओली बट ओढून धरली तर कमरेशी जाते. वाळली की आक्रसून कानाशी येऊन बसते. म्हणून भेटेल तो विचारतो, "हिचे केस वाढत नाहीत का?" वाढतात हो! महिन्याला साधारण सेंटिमीटरभर. अडचण वाढण्याची नाही, टिकण्याची आहे. सरळ केसावरून टाळूचं तेल घसरगुंडीवरून यावं तसं खाली येतं. वेटोळ्या केसात ते पहिल्या दोन वळणांतच अडकतं, खंडाळ्याच्या घाटात ट्रक अडकावा तसं. टोकं कोरडी राहतात, आणि कोरडा केस तसाच विंचरला की जिथे वळण तिथे तुटतो.

मला तरी हे कुठे माहीत होतं? पहिली दोन वर्षं मीही पोरीला गुडघ्यांत धरून बारीक कंगव्याने खसाखसा विंचरत होते. ती रडायची, मी रडायचे, कंगव्यात उंदराएवढा गुंता यायचा. शेवटी एका रविवारी सासूबाईंनी काही न बोलता तिला मांडीवर घेतलं, पाण्याचा फवारा मागितला आणि मला म्हणाल्या, "तुला कुणी शिकवलंच नाही, नाही का?" त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. टोमण्याला उत्तर देता येतं.

तेव्हापासून शनिवार म्हणजे आमच्याकडे न्हाणं. डोक्याचे आठ भाग, आठ चिमटे, वाडगाभर कंडिशनर, रुंद दातांचा कंगवा, आणि सोडवायचं ते टोकाकडून मुळाकडे. मग ओल्या केसांवरच क्रीम आणि वर जवसाची जेल. ही जेल घरी करते. जवस पाण्यात उकळायचे आणि गरम असतानाच गाळायचे. गार झाले की चिकटा फडक्यातून हलत नाही, आणि गरम पिळायला गेलं की हात भाजतात. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणाली, "चटणी करायची सोडून डोक्याला काय फासतेस?" त्यानंतर दोन-दोन बटांचे पीळ, रात्री सॅटिनची टोपी, सकाळी पीळ हलक्या हाताने सोडायचे. साडेतीन तास लागतात. तेवढ्यात माझी आजी चाळीस माणसांच्या पुरणपोळ्या लाटायची.

तर असे साडेतीन तास घालून, एकेक वळण मोजून घ्यावं असे केस घेऊन आम्ही रविवारी पोचलो. मुलींचा कोळीनाच होता. हिरवी लुगडी, अंबाडे, अंबाड्यावर गजरे. हायस्कूलच्या रेस्टरूममध्ये अंबाड्यांचा कारखाना लागलेला. बाकी मुलींच्या डोक्यांवर स्पंजची भरीव चकती ठेवून, तिच्याभोवती होते नव्हते ते केस गुंडाळून पिना मारणं चाललं होतं. माझ्या मुलीच्या डोक्यावर सहा जणींचे अंबाडे होतील एवढा ऐवज. मला वाटलं, कौतुक होईल.

काकूंनी चष्मा वर केला. "अगं, आज विंचरले नाहीस का?"

"विंचरलेत काकू. काल साडेतीन तास."

"साडेतीन तास!" काकू तिच्याभोवती देवळाभोवती फिरावं तशा फिरल्या. "मग दिसत का नाही?"

मी पाणी, वळणं, कोरडेपणा असं काहीबाही सांगायला लागले. काकू मान डोलवत होत्या आणि एकीकडे पर्समधून फणी काढत होत्या. शिसवी फणी. आईने लग्नात दिलेली, चाळीस वर्षं झाली, एक दात हलला नाही, हा सगळा इतिहास त्यांनी फणी हवेत धरून सांगितला. मग आवाज एकदम खाली. साथीच्या रोगाविषयी बोलतात तसा.

"वडिलांवर गेलेत का?"

"दोघांवर."

"होईल गं ठीक. मोठी झाली की स्ट्रेट करता येतात. आमच्या शेजारणीच्या सुनेचे केले, ओळखू येत नाही."

"आम्हाला ओळखू यायला हवी आहे, काकू."

"तेच म्हणते मी," असं म्हणून त्यांनी निळ्या बाटलीतलं खोबरेल ओंजळभर ओतून घेतलं.

खोबरेलाशी माझं वाकडं नाही. केसातलं प्रथिन राखण्यात ते सूर्यफुलाच्या तेलाला मागे टाकतं, हे मुंबईतल्याच संशोधकांनी 2003 साली दाखवलंय. पण नाचाच्या पाच मिनिटं आधी, ओंजळीने? मी "काकू, नको" म्हणेपर्यंत तेल थापून झालं होतं आणि फणी मुळाशी रोवली गेली होती. मग आलं ते "कट्". अजून दोनदा "कट्, कट्". रेस्टरूम चिडीचूप. लेक शहाण्या मुलीसारखी आरशात बघत राहिली. काकूंनी फणी उजेडाकडे धरली, दात मोजले आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू फणी माझी सून आणि मीच तिला छळलं.

"लग्नातली होती गं," त्या म्हणाल्या. मी सॉरी म्हणाले. का म्हणाले? पाच दिवस झाले असते तरी कळलं नसतं, तीनच झालेत.

आमच्या राज्यात केसांच्या ठेवणीवरून शाळेत आणि नोकरीत भेदभाव करायला मनाई आहे. डिसेंबर 2019 मध्ये तसा कायदा झाला. त्याच्या वर्षभर आधी इथल्याच एका शाळकरी पैलवानाला सामन्याआधी सांगितलं होतं, केस काप नाहीतर सामना सोड. त्याचे ड्रेडलॉक्स तिथेच, सगळ्यांसमोर कापले. त्याचा व्हिडिओ बघून आमच्या मंडळाच्या ग्रुपवर केवढा संताप झाला होता! काकूंनीही रडका चेहरा टाकला होता. गोरी बाई सुपरमार्केटच्या रांगेत न विचारता पोरीच्या केसांत हात घालते तेव्हा मला काय बोलायचं ते पाठ आहे. हात घालणारी बाई "बाळा, मोदक खाल्लास का?" विचारणारी असली की माझी जीभ टाळूला चिकटते. आणि मोदक खरंच चांगले होते, हा आणखी एक राग.

शेवटी अंबाडा झाला. चौदा पिना, तेलाचे ओघळ, कालची सगळी वळणं सपाट. पोरगी नाचली मात्र झकास. गाडीत बसल्यावर म्हणाली, "आई, काकूंच्या वेणीत खोटे केस होते. मी पिना बघितल्या."

"गंगावन म्हणतात त्याला. आणि हळू बोल."

"त्या इथे कुठे आहेत?"

नव्हत्या. तरी मी हळू बोल म्हणाले.

रात्री पुन्हा आठ भाग, आठ चिमटे. तेल निघायला दोन धुणी लागली. फणीचा एक दात मानेजवळ सापडला, दुसरा डाव्या कानामागे. दोन्ही कागदात गुंडाळून ठेवलेत. काकूंनी तिसऱ्यांदा निरोप पाठवला तर तेच पोचते करणार आहे. तिसरा दात अजून आत आहे. शनिवारी बघू.