जुलैमध्ये 68 टक्के आर्द्रता? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. घरी बनवलेल्या व्हिडिओ डोअरबेलवरचे तुमचे आक्षेप थोडक्यात असे: भर जुलैत, समुद्राकाठच्या पडवीत ती 33 अंश तापमान आणि 68 टक्के आर्द्रता दाखवते, म्हणजे सेन्सर खोटा, रात्री कोणी नसताना वाजते, आणि खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात कुजणारच आहे, तर बाजारातली का घेऊ नये? तुम्ही पाहिलंत ते बरोबरच आहे. कारण मात्र वेगळं आहे.

सेन्सर खोटं बोलत नाही, तो पेटीतल्या हवेबद्दल बोलतोय. बेलमधला ईएसपी32-कॅम (कॅमेरा आणि वाय-फाय असलेला छोटा बोर्ड) चित्र पाठवत असताना साधारण एक वॅट उष्णता सोडतं. बाहेरची 28 अंश आणि 90 टक्क्यांची हवा त्या पेटीत 33 अंशांपर्यंत तापली, की वाफ तेवढीच राहूनही आर्द्रता 68 टक्क्यांच्या आसपास उतरते. तुमचाच आकडा.

गंमत म्हणजे हेच 68 टक्के बोर्डाला वाचवतात. आपल्याकडे वस्तू कुजते ती नुसत्या पावसाने नव्हे. वाऱ्याबरोबर आलेलं मीठ सगळीकडे बसतं, आणि आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलं पाणी ओढून विरघळतं. मग बोर्डावरच्या तांब्याच्या दोन पट्ट्यांमधून वीज झिरपते, तांबं हिरवं पडतं. चालू पेटी उबदार, म्हणून आतलं मीठ कोरडं राहतं. वीज जाऊन पेटी रात्रभर थंड पडली की खरा घात होतो. म्हणून बॅकअप हवाच, पण 18650 सेल (चार्ज होणारा लिथियम सेल) घरात ठेवा, तापणाऱ्या पेटीत नको. तिथून 5 व्होल्ट जरा जाड तारेने बाहेर न्या आणि बोर्डाजवळ 1000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. तो नसेल तर वाय-फाय सुरू होताना व्होल्टेज खचतं आणि बोर्ड पुन्हापुन्हा रिसेट होतो. राउटरलाही बॅकअप द्या, नाहीतर बेल जागी आणि घर झोपलेलं.

सेन्सर मात्र पेटीबाहेरच हवा. बीएमई280 (तापमान, आर्द्रता आणि हवेचा दाब मोजणारा सेन्सर) पेटीच्या खाली, पांढऱ्या प्लास्टिकच्या तीन-चार उलट्या बशा अंतर ठेवून रचलेल्या, त्यांच्या मधोमध. पागोळ्या आणि झड लागणार नाही, वारा लागेल अशी जागा बघा. तारा 30 सेंटिमीटरच्या आत ठेवा. एसडी कार्ड वापरत नसाल तर सेन्सरसाठी बोर्डाच्या 14 आणि 15 या पिना घ्या. 12 ला हात लावू नका: सुरू होताना ती पिन वर ओढली गेली तर फ्लॅश मेमरीला 1.8 व्होल्ट मिळतात आणि बोर्ड उठतच नाही. आर्द्रता अजिबात येत नसेल तर प्रोग्राममधून सेन्सरचा चिप आयडी (ओळख क्रमांक) वाचा. हेक्स 60 म्हणजे बीएमई280. 58 म्हणजे दुकानदाराने बीएमपी280 दिलाय, त्यात आर्द्रता नसतेच.

आता रात्रीची बेल. (गावात याचं श्रेय देवचाराला जायला वेळ लागत नाही.) बटण उबदार पेटीच्या बाहेर असतं, त्याच्या संपर्कांवर ओलं मीठ बसतं. बोर्डातला पुल-अप (बटण दाबलेलं नसताना पिन वर ओढून धरणारा रोधक) सुमारे 45 किलोओहमचा, फारच दुबळा, त्यामुळे थोडीशी गळतीसुद्धा पिन खाली ओढते. बटणाची पिन 13 आणि 3.3 व्होल्ट यांच्यामध्ये 2.2 किलोओहमचा रोधक लावा, पिन आणि ग्राउंडमध्ये 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. प्रोग्राममध्ये 50 मिलिसेकंद दाबून राहिलं तरच बेल धरा. घरातल्या जुन्या 230 व्होल्टच्या बेलला ही तार जोडू नका.

जोडण्या खोचायच्या नाहीत, डाखायच्या (सोल्डर करायच्या). मग फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा, पूर्ण वाळू द्या आणि अ‍ॅक्रिलिक कोटिंगचे दोन पातळ हात मारा. लेन्स, कनेक्टर आणि सेन्सरचं भोक आधी टेपने झाका. फटी बुजवायला न्यूट्रल सिलिकॉन वापरा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना आम्ल सोडतं, ते तांबं खातं. पेटी हवाबंद करू नका: पावसाची सर आली की तापलेली पेटी थंड होते आणि ग्लँडमधून (तार आत येते त्या बुचातून) दमट हवा आत ओढते. तळाला 3 मिलिमीटरचं भोक आणि त्यावर नायलॉनची बारीक जाळी द्या, नाहीतर कुंभारमाशी तिथे घर करेल. स्क्रू 316 स्टीलचे.

सेन्सर दाखवतो त्या हवेच्या दाबाच्या आकड्याबद्दल एक. आपल्याकडे तो रोज सकाळी 10 च्या सुमारास वर आणि दुपारी 4 च्या सुमारास खाली, 3-4 हेक्टोपास्कलनी हलतो. त्याला वादळ समजू नका. कालच्या त्याच वेळेशी तुलना करा. सड्यावरच्या (उंच कातळपठारावरच्या) घरात उंचीच्या दर 8 मीटरला सुमारे 1 हेक्टोपास्कल कमीच दिसेल. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात रायगडात वीज आणि मोबाईल दोन्ही गेले होते. अशा वेळी हा आकडा घरातल्या छोट्या पडद्यावर दिसला पाहिजे, तो नेटवर अवलंबून ठेवू नका. इशारा मात्र हवामान खात्याचाच मानायचा.

बाजारातल्या बेलबद्दल: रात्रीचं चित्र आणि दोन्हीकडून बोलणं ही तुमची मुख्य गरज असेल तर जरूर तीच घ्या. या कॅमेऱ्याला अंधारात दिवा लागतो आणि बोलणं यात नाही. मग बीएमई280 दुसऱ्या साध्या ईएसपी32 वर लावा, बशांची रचना तशीच ठेवून.