मी राहतो ते गाव नाहीये

आमच्या दहावीच्या बॅचचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. सगळ्यांचा असतो तसाच, म्हणजे सकाळी गुलाबाचं फूल, दुपारी कुणाच्यातरी काकांना भावपूर्ण श्रद्धांजली, रात्री राजकारण. मागच्या आठवड्यात त्यात एकाने रील टाकली. कुणीतरी पोरगं कॅमेऱ्यात बघून म्हणतंय 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' आणि मागून ते रेकॉर्ड केलेलं हसणं. झालं. आमच्यातला एक जण परभणीतच वकिली करतो, त्याने लिहिलं की हे आता अति झालं, सगळ्यांच्या सह्या घेऊन कलेक्टरला निवेदन देऊ, जिल्ह्याची बदनामी थांबलीच पाहिजे. मी सकाळी उठून बघतो तर तीनशेच्या वर मेसेज, त्यात दोघांनी ग्रुप सोडलेला आणि एकाला परत ॲड केलेला.

मी आपलं लिहिलं, अरे हसून सोडा ना, आमच्या इथे तर अख्खं शहरच नाहीये म्हणतात तरी कुणी निवेदन देत नाही. त्यावर वकिलाचा रिप्लाय आला, "तू जगात जर्मनीत बस, आम्ही भारतात परभणीत बघून घेतो." एकोणीस लाइक.

जे मराठवाड्यातले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो, 'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही आमची घरची म्हण. माझ्या मामाच्या मते जर्मनांसारखे आपणही कुणापुढे वाकत नाही म्हणून ती पडली, आणि शाळेतले एक सर म्हणायचे यमक जुळलं म्हणून पडली, बाकी काही नाही. कोपऱ्यावरच्या पानटपरीवर एकमेकांना मारायची टाळी होती ती, आपल्यातली आपल्यात. आता तिची इन्स्टावर पेजेस आहेत, टी-शर्ट आहेत, एमएच २२ च्या गाड्यांच्या मागच्या काचेवर ती आहे, आणि परभणीत कधी पाय न ठेवलेली माणसं तिच्यावर मीम करतात. 'बनी तो बनी'चंही तेच, जमलं तर जमलं नाहीतर परभणी आहेच. फरक एवढाच की पहिलीत आपण स्वतःला चढवतो आणि दुसरीत दुसरे आपल्याला उतरवतात.

आणि नशिबाची गंमत बघा, परभणीतून जर्मनीत येऊन मी राहतोय कुठे, तर बीलेफेल्डला. आमच्या काकांच्या तोंडात अजून ते बसत नाही, ते 'बिलफेल' म्हणतात. जर्मनीत कुणालाही सांगा की मी बीलेफेल्डला राहतो, समोरचा गंभीर चेहऱ्याने म्हणणार, 'बीलेफेल्ड? ते तर नाहीच आहे.' पहिल्यांदा मला वाटलं माझं जर्मन कच्चं आहे.

तर झालं असं की १९९३ साली कील शहरात विद्यार्थ्यांची एक पार्टी होती. तिथे कुणीतरी म्हणालं मी बीलेफेल्डचा, आणि दुसरा म्हणाला 'दास गिब्ट्स डोख गार निश्ट'. आपण कसं 'काहीतरीच काय, असं नसतंच' म्हणतो तसं. पण त्या वाक्याचा सरळ अर्थ 'ते अस्तित्वातच नाही' असाही होतो. झाली टिंगल सुरू. पुढे त्याच टोळक्यातले काही जण गाडीने जाताना हायवेवर नेमका बीलेफेल्डचा एक्झिट बंद निघाला, म्हणजे पुरावाच की. त्यांच्यातला आखिम हेल्ड हा कॉम्प्युटर सायन्सचा विद्यार्थी. त्याने १६ मे १९९४ ला ही सगळी थिअरी इंटरनेटवर टाकली. तेव्हाचं इंटरनेट म्हणजे युझनेट, मोजकी युनिव्हर्सिटीवाली मंडळी. त्यात तीन प्रश्न: तुमच्या ओळखीचं कुणी बीलेफेल्डचं आहे का? तुम्ही कधी बीलेफेल्डला गेलायत का? तिथे गेलेलं कुणी तुम्हाला माहितीये का? तिन्हीला नाही म्हणालात तर शहर नाहीच. आणि एखाद्यालाही हो म्हणालात तर तुम्ही 'त्यां'च्यातले. हे 'ते' म्हणजे कोण, तर सीआयए, मोसाद, नाहीतर परग्रहवासी, आणि विद्यापीठाची ती अवाढव्य इमारत म्हणजे लपवलेलं यान. मी त्या यानात तीन वर्षं मेन्सात, म्हणजे विद्यापीठाच्या कँटीनमध्ये, जेवलोय, तेव्हा माझी साक्ष धरू नका.

कट-कारस्थान शोधणाऱ्यांची टर उडवायला केलेला हा घरगुती विनोद. त्याला एवढं मोठं गोत मिळालं की तीस वर्षांनीही एक विशीतला आणि एक साठीतला जर्मन पहिल्यांदा भेटले, एकाने 'बीलेफेल्ड' म्हटलं, की दुसरा पुढचं वाक्य स्वतःच पूर्ण करतो. इटलीत मोलिझे नावाच्या प्रांताचं असंच करतात, ब्राझिलमध्ये आक्रे राज्याचं. म्हणजे प्रत्येक देशाला एक परभणी लागते बहुतेक.

आता मला नेमकं जे ग्रुपवर सांगायचं होतं ते. शहराने यावर काय केलं? आधी चिडले, असं जुनी माणसं सांगतात. १९९९ ला शहराने अधिकृत पत्रक काढलं, 'बीलेफेल्ड आहेच!', आणि काढलं कधी तर १ एप्रिलला, म्हणजे कोण विश्वास ठेवणार. पण मग शहाणे झाले. २०१४ ला शहराला ८०० वर्षं झाली तेव्हा उत्सवाचं ब्रीदवाक्यच 'दास गिब्ट्स डोख गार निश्ट' ठेवलं. २०१२ ला खुद्द चॅन्सलर मर्केल बाई बीलेफेल्डमधल्या एका सभेबद्दल बोलता बोलता म्हणाल्या, ते शहर असलंच तर, आणि वर म्हणाल्या की मला तरी वाटलं होतं मी तिथे गेले होते. आणि २०१९ ला कळस. शहराने जाहीर केलं, बीलेफेल्ड नाही हे जो सिद्ध करेल त्याला १० लाख युरो. दोन हजारांवर लोकांनी पुरावे पाठवले, परदेशातूनसुद्धा. १७ सप्टेंबर २०१९ ला निकाल लागला, शहर आहे, पैसे वाचले. आल्टश्टाटमध्ये, म्हणजे जुन्या शहरात, लाइनवेबरच्या म्हणजे विणकराच्या पुतळ्याजवळ या कारस्थानाच्या आठवणीत एक धोंडा बसवलाय.

१७ सप्टेंबर. मराठवाड्याच्या माणसाला ही तारीख सांगायला नको. आईला व्हिडिओ कॉलवर मुक्तिसंग्राम दिनाच्या शुभेच्छा देत होतो आणि इकडे माझं शहर अस्तित्वात असल्याचा निकाल लागत होता. आई म्हणाली, "म्हणजे आतापर्यंत नव्हतं का रे? मग तू भाडं कुणाला देतोस?"

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं, खूप लांबलचक, फाइरआबेंडनंतर, म्हणजे ऑफिस सुटल्यावर, सोफ्यावर पडून. त्यात आपल्याकडची उदाहरणंही घातली. जानेवारी २०२० मध्ये साईबाबांचं जन्मस्थान पाथरी की नाही यावरून शिर्डी बंद झाली होती, आपल्याच जिल्ह्यातलं पाथरी. मी लिहिलं, आपल्याकडे गावाचं नाव निघालं की गाव बंद होतं आणि इथे गाव स्वतःच्या नसण्यावर बक्षीस लावतं. (आता वाचताना कळतंय की या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, एकीकडे श्रद्धा आहे आणि दुसरीकडे मार्केटिंग. पण तेव्हा जोरात होतो.) शिवाय लिहिलं की दोन्ही शहरं साधारण एकाच आकाराची, परभणी २०११ च्या जनगणनेत ३ लाख ७ हजार, बीलेफेल्ड सव्वातीन लाखांच्या वर. त्यांचा इतिहास लिननच्या कापडाचा, आपला कापसाचा. त्यांचं विद्यापीठ १९६९ चं, आपलं कृषी विद्यापीठ १९७२ चं. मग त्यांना जमतं ते आपल्याला का जमू नये, एवढी काय ती अस्मिता.

वकिलाने अर्ध्या तासाने लिहिलं. शिवी नाही, काही नाही. "भाऊ, कामून चिडतो आम्ही ते सांगू का. तुमचं गाव नाहीये हे धडधडीत खोटं आहे म्हणून हसू येतं. आपल्यावरचा जोक थोडासा खरा आहे. रोज रात्री पुण्याच्या ट्रॅव्हल्स भरून पोरं जातात ना, तीच सांगत जातात तो जोक. जो 'बनला' तो तू. 'नहीं तो' म्हणजे आम्ही."

मला यावर उत्तर सुचलं नाही. टायपिंग टायपिंग दाखवत असेल त्यांना बराच वेळ. शेवटी मी अंगठा दिला, आणि पफांडच्या, म्हणजे दुकानात परत दिल्या की अनामत मिळते त्या रिकाम्या बाटल्या घेऊन खाली गेलो. रात्री कुणी बाटल्या परत करायला जात नाही खरं तर.

कारण वकिलाला माहीत नसलेली एक गोष्ट आहे. मी पुण्यात इंजिनिअरिंगला गेलो तेव्हा होस्टेलवर पहिल्याच दिवशी विचारलं, कुठला? माझ्या आधीच्या पोराने नांदेड सांगितलं होतं आणि त्याच्यावर काहीतरी हशा झाला होता. मी म्हणालो, औरंगाबादजवळचा. जवळ म्हणजे पावणेदोनशे-दोनशे किलोमीटर. चार वर्षं मी औरंगाबादजवळचा होतो. एकदा कुणीतरी माझ्यासमोरच 'बनी तो बनी' म्हणालं आणि सगळ्यात आधी मी हसलो, सगळ्यात मोठ्याने. आई-बाबा भेटायला आले तेव्हा त्यांना गेटवरच भेटलो, मित्रांशी ओळख करून दिली नाही. बाबांनी विचारलं, मित्र कुठेत रे? म्हणालो, सबमिशन आहे.

आखिम हेल्डचे ते तीन प्रश्न त्या होस्टेलवर कुणी परभणीबद्दल विचारले असते तर माझ्या रूममेट्सनी तिन्हीला नाही म्हटलं असतं. ओळखीचं कुणी आहे? नाही. आणि तो ओळखीचा शेजारच्या कॉटवर झोपलेला.

आणि जर्मनीत आल्यावर मी परभणीचा कसा झालो हेही सांगून टाकतो. इथे कुणाला मुंबई सोडून काही माहीत नाही, म्हणजे औरंगाबाद काय आणि परभणी काय, लपवण्यासारखं काही उरतच नाही. त्यात ऑफिसात पहिल्या आठवड्यात एकीने विचारलं, तू भारतात कुठला, आणि मला ती म्हण आठवली, तिचं भाषांतर करून सांगितली. सगळं टेबल खूश. जर्मनीला एवढा मान कुठल्या म्हणीत मिळतो! तेव्हापासून दर पार्टीत मी ती म्हण सांगतो, ते बीलेफेल्ड नाहीये सांगतात, असं आमचं चालू असतं. तिसऱ्या-चौथ्या वर्षी कंटाळा येतो हेही खरं, जर्मन माणूस एकच विनोद पन्नास वेळा त्याच उत्साहाने करू शकतो. पण परभणीचा अभिमान मला सहा-सात हजार किलोमीटरवर येऊन सुचला, जिथे तो फुकट आहे. वकिलाला मात्र तो रोज तिथेच राहून, त्याच रस्त्यावरून कोर्टात जाताना बाळगावा लागतो.

तरी निवेदनावर मी सही करणार नाही. कलेक्टरने काय करायचं त्याचं, विनोदाला नोटीस काढायची? पण तो 'हसून सोडा' मेसेज मी डिलीट केला. सगळ्यांनी वाचून झाल्यावर, अर्थात.

परवा हाउप्टबानहोफवर, म्हणजे मुख्य स्टेशनवर, आरई ६ या गाडीची वाट बघत होतो, नेहमीप्रमाणे लेट. शेजारी एक पोरगा फोनवर मराठीत बोलत होता, मोठी बॅग, नवीनच आलेला दिसत होता, यानातच ॲडमिशन मिळालेली. फोन ठेवल्यावर मी विचारलं, कुठला रे? दचकला आधी, मग म्हणाला, "संभाजीनगरजवळचा, दादा."

म्हटलं, जवळ म्हणजे?

तो जरा थांबला. बॅगेचा पट्टा नीट केला. "म्हणजे तसं... सेलू."

सेलू. परभणीच्या अलीकडचं स्टेशन, मामाकडे जाताना आम्ही तिथे उतरायचो. गाडी येताना दिसत होती. त्याने मला विचारलं, "आणि तुम्ही?"