भिंतीवर चित्रांचा थाट, प्लेटीत टमाटर सॉस

राजेहो, मेन्यूवर 'स्पॅनिश तापास', म्हणजे स्पेनातले छोट्या प्लेटीतले पदार्थ, छापायचं तर निदान आलूचं एक आमलेट तरी धड करा! ताडोबाच्या गेटांजवळच्या या 'आर्ट हॉटेलां'नी डोकं फिरवलं आहे. रिसेप्शनपासून जिन्यापर्यंत चित्रंच चित्रं, प्रत्येक चित्रावर वेगळा दिवा, अन् टेबलावर एवढा अंधार की समोरचा घास शिजला की करपला तेही दिसत नाही.

त्या आलूच्या आमलेटाला, म्हणजे तोर्तियाला, लागतं काय? आलू, अंडी, ऑलिव्ह तेल, मीठ, बहुतेक जण कांदाही घालतात. ६ अंड्यांना ५००-६०० ग्रॅम आलू. चकत्या ३ मिलिमीटरच्या, तेलात बुडवून मंद आचेवर २०-२५ मिनिटं. तळायच्या नाहीत, शिजवायच्या. दाबली की चकती मोडली पाहिजे, पण तिच्यावर लाली येता कामा नये. मग तेल निथळून, गरम असतानाच फेटलेल्या अंड्यात १०-१५ मिनिटं मुरू द्यायच्या. आलू अंडं पितो ते याच वेळात, अन् नेमका हाच वेळ हे लोक गाळतात. नाश्त्याच्या उरलेल्या उकडलेल्या आलूवर अंडं ओततात अन् मोठ्या आचेवर करपवतात. आलू एकीकडे, अंडं एकीकडे, मधोमध कोरडा ठोकळा. तव्यावर ताटली झाकून तोर्तिया एका झटक्यात पालटायची असते. हे सराटा घालतात, ती तुटते, अन् तुटलेली दिसू नये म्हणून वरून मेयोनीज थापतात!

पतातास ब्राव्हास, म्हणजे तिखट सॉस घातलेले तळलेले आलू, मागवा, केचपमध्ये शेजवान सॉस कालवून येतो. माद्रिदचा ब्राव्हा सॉस म्हणजे तेलात परतलेला थोडा मैदा, पिमेंटोन (लाल मिरचीची पूड) अन् स्टॉक (हाडं-भाज्या उकळलेलं पाणी). काही जण टमाटर घालतात, पण चव पिमेंटोनची. स्पेनातल्या एक्स्त्रेमादुराच्या ला व्हेरा भागात ती लाल मिरची ओकच्या धुरावर कित्येक दिवस वाळवतात. इथं ती सहज मिळत नाही, हे कबूल. मग कमी तिखट लाल मिरची बिया काढून चुलीच्या धुरावर धरा अन् दळा. मिरचीसाठी नावाजलेलं भिवापूर ताडोबाच्या कोलारा गेटापासून किती लांब आहे? मिरचीच्या मुलखात बाटलीतला सॉस वाढता, लाज कशी वाटत नाही?

सगळ्यात जास्त राग येतो तो लसणाच्या तेलातल्या झिंग्याचा. बर्फातला झिंगा नीट वितळू न देता, न पुसता, तसाच तेलात. पाणी सुटतं, तेल खदखदतं, लसण पचपचीत होतो अन् झिंगा रबर. आधी फडक्यानं कोरडा करा. लसणाच्या चकत्या थंड तेलातच टाकून मंद आच द्या. कडा सोनेरी झाल्या की सुकी मिरची, मग झिंगा, दोन मिनिटं, अन् खाली उतरवा. मातीचं भांडं ऊन धरून ठेवतं, उरलेलं शिजणं टेबलावर होतं. म्हणून तर स्पेनात ते मातीच्या भांड्यात करतात! इथं स्टीलच्या वाटीत गार तेल येतं. मातीकामाचं भद्रावती मोहर्ली गेटाच्याच तालुक्यात आहे, तलावांचा झिंगा भंडारा-गोंदियात आहे. हॉटेलवाल्यांना दोन्ही दिसत नाहीत.

अन् सहाच्या सहा प्लेटा एकदम का आणता? तापास एक-एक, दोन-दोन येतात. आधी गार, मग तळलेलं, शेवटी खदखदतं. स्पेनातल्या ग्रानादात पेयाबरोबर तापा फुकट मिळतो. इथं तीन घासांचे पूर्ण जेवणाएवढे पैसे मोजायचे अन् चार प्लेटा गार खायच्या.

त्या चित्रांचं तरी धड करता का? गोंड राजांच्या चंद्रपुरात भिंतीवर पालघरची वारली, अन् खाली नुसतं 'ट्रायबल आर्ट'. चितारणाऱ्याचं नाव नाही, गाव नाही, साल नाही. कागदावरच्या चित्राला काच नाही, अन् ते टांगलं कुठं, तर स्वयंपाकघराच्या दाराशी! तेलाची वाफ रोज त्याच्यावर बसते, तिच्यावर धूळ चिकटते, कागद पिवळा पडतो अन् मग पुसताही येत नाही. कुणीतरी दिवसचे दिवस बसून काढलेलं ते काम आहे. दारापासून दूर हलवा, काच लावा, नाव लिहा.

अन् शाकाहारी म्हणून दिलेला आलू झिंग्याच्याच कढईत तळणं आजच्या आज बंद करा. विचारलं तर वाढणाऱ्या पोराला काहीच माहीत नसतं, अन् त्याला कुणी सांगितलेलंही नसतं.