कॅलिपर सरकतो, माउंटचा कल सरकत नाही

नमस्कार. इतक्या बारकाईने वाचून लिहिल्याबद्दल आभार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: सायकलच्या फ्रेमवर डिस्क ब्रेकचं माउंट (ब्रेक ज्यावर बोल्टने बसतो तो आधार) जोडताना जिग (भाग जागेवर धरून ठेवणारा साचा) आणि डमी ॲक्सल (चाकाच्या आसाऐवजी लावायचा दांडा) यांचा मी बाऊ केला. तुमच्या मते फ्रेममध्ये चाक बसवावं, कॅलिपर (पॅड दाबणारा ब्रेकचा भाग) रोटरवर (चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीवर) धरावा, माउंट येईल तिथे टॅक (तात्पुरता जोड) मारावा. राहिलेला फरक कॅलिपरच्या लांबट भोकांत भागतो.

यातलं निम्मं मला मान्य आहे. पोस्ट माउंट (अशा माउंटचा एक प्रकार) एखादा मिलिमीटर आत-बाहेर झालं तरी कॅलिपर सरकवून घेता येतो. पण ही सोय फक्त सरकवण्याची. माउंटचं तोंड 1 अंशाने कललं, तर 20 मिमी उंचीच्या पॅडच्या दोन टोकांत जवळपास 0.35 मिमीचा फरक पडतो. पॅड आणि रोटर यांच्यातली फटच मुळात मिलिमीटरच्या काही दशांशांची असते! मग पॅड एका कडेला घासतो, पाचरीसारखा झिजतो, आणि प्रत्येक वेळी रोटर वाकवावा लागत असल्याने लिव्हर पोचट लागते. काही कॅलिपरबरोबर गोलाकार बुडाचे वॉशर येतात, ते थोडा कल सांभाळतात, हे खरं. पण सायकलच्या मालकाने पुढे दुसरा कॅलिपर लावला तर?

माझा खरा विरोध आहे तो चाकावरून माप घेण्याला. उघड्या खाचेच्या ड्रॉपआउटमध्ये (फ्रेमच्या ज्या टोकांत चाकाचा आस बसतो तिथे) चाक किंचित तिरकं बसलं, तर रोटरही तिरका आणि त्याला धरून जोडलेलं माउंटही तिरकं. त्या दिवशी ब्रेक सुरेख लागेल. पंक्चर काढून चाक नीट बसवलं की घासायला लागेल. डमी ॲक्सल मात्र दोन्ही ड्रॉपआउटच्या तळाशी टेकलेला आहे हे डोळ्यांनी दिसतं. शिवाय चांदीच्या ब्रेझिंगलाही (चांदीचा मिश्रधातू वितळवून केलेल्या जोडकामालाही) 650 ते 700 अंश सेल्सिअस लागतात. हब आणि पॅड त्या आचेजवळ नकोतच.

जिगमध्ये धरूनही गार होताना माउंट ओढलं जातं, हे तुमचं म्हणणं अगदी बरोबर. म्हणूनच जोडकाम झाल्यावर फेसिंग (माउंटचं तोंड कापून सपाट करणं) हवं, तेही ॲक्सलच्या जागी बसणाऱ्या मँड्रेलवरून (कटरला आधार देणाऱ्या दांड्यावरून). हातात कानस घेऊन अंदाजाने नव्हे.

कँटिलिव्हर ब्रेकच्या बॉसबद्दलही (ब्रेकचे हात ज्यांवर फिरतात त्या फ्रेमवरच्या खुंट्यांबद्दलही) तुम्ही लिहिलंत. तिथे दोन बॉसमधलं 80 मिमी अंतर मिलिमीटरभर हललं तरी मी झोप उडवून घेणार नाही. दोघांची उंची सारखी हवी आणि दोन्ही समांतर हवेत. बॉसवर घट्ट बसणाऱ्या दोन लांब नळ्या चढवा आणि बुडाशी व टोकाशी अंतर मोजा. फरक असेल तर लगेच कळतो. पॅडचे वॉशर पॅडचा कोन बदलतात, ब्रेकचा हात ज्या वाटेने फिरतो ती वाट नाही.

तुमची फ्रेम अजून रंगवायची आहे ना? मग माउंटच्या दोन्ही तोंडांवर मार्करची शाई फासा आणि फेसिंग कटर हलक्या हाताने एकदा फिरवा. शाई सगळीकडून सारखी निघाली तर काहीही करू नका. एकाच कडेची निघाली तर पूर्ण निघेपर्यंत कापा, पण बोल्टला पुरेसे आटे राहतायत ना, ते आधी बघा.