जुनी लॅटिन पुस्तकं, यंत्राचं इंग्रजी आणि एक चुकीचा इशारा

गेले काही महिने पाळकांच्या आणि सेमिनरीत शिकणाऱ्या मुलामुलींच्या गटांमध्ये एक इशारा फिरतो आहे. सोळाव्या-सतराव्या शतकातली रिफॉर्म्ड, म्हणजे कॅल्विनच्या वळणाच्या प्रॉटेस्टंट परंपरेतली, लॅटिन पुस्तकं लोक यंत्राकडून, म्हणजे संगणकाच्या भाषांतर-प्रणालीकडून, इंग्रजीत करून घेतात आणि वाचतात, हे थांबवायला हवं, असं त्यात म्हटलं आहे. कारणं पाच दिली आहेत. वाचण्याजोगं होतं ते सगळं माणसांनी आधीच इंग्रजीत आणलं आहे. यंत्र चुका करतं, आणि देवशास्त्रातली एक चूकसुद्धा माणसाला पाखंडाकडे नेते. अशाने लॅटिन शिकणं बंद पडेल. तयारी नसलेल्याच्या हाती कच्चं भाषांतर देणं रिफॉर्म्ड शिस्तीत बसत नाही. आणि शेवटी, युरोपातल्या जुन्या भांडणांशी आपल्याला काय करायचं आहे?

इशारा देणाऱ्यांची कळकळ खरी आहे. पण पाचांपैकी एकही मुद्दा, मांडला आहे तसा, टिकत नाही.

पहिला मुद्दा घ्या. सुरुवातीच्या पिढीबद्दल तो बराचसा खरा आहे. जिनिव्हाचे सुधारक कॅल्विन यांच्या मुख्य ग्रंथाची शेवटची लॅटिन आवृत्ती १५५९ ची, आणि टॉमस नॉर्टनने तो १५६१ मध्येच इंग्रजीत आणला. झुरिकचे सुधारक बुलिंगर यांची प्रवचनं १५७७ मध्ये आली, इटालियन सुधारक पीटर मार्टिर व्हर्मिली यांचं लेखन १५८३ मध्ये. पुढच्या शतकात मात्र चित्र पालटतं. जिनिव्हाच्या फ्रान्सिस टरेटिनचा तीन खंडांचा ग्रंथ १६७९ ते १६८५ या काळात छापला गेला. दीडशे वर्षांनंतरही अमेरिकेत प्रिन्स्टनला चार्ल्स हॉज तो पाठ्यपुस्तक म्हणून लॅटिनमध्येच शिकवत होते. विद्यार्थ्यांना लॅटिन जड जाऊ लागलं, तेव्हा हॉज यांच्या सांगण्यावरून जॉर्ज मस्ग्रेव्ह गायगर या प्राध्यापकांनी सगळा ग्रंथ इंग्रजीत केला. हाताने लिहिलेली सुमारे ८००० पानं! ती ग्रंथालयात राहिली. गायगर १८६५ मध्ये वारले, आणि त्यांचं काम संपादित होऊन छापून आलं ते १९९२ ते १९९७ मध्ये. म्हणजे भाषांतर पुरं झालेलं होतं, गरजही होती, तरी सव्वाशेहून अधिक वर्षं ते पूर्ण पुस्तकाच्या रूपात वाचकापर्यंत पोचलं नाही. पुस्तक वाचण्याजोगं नव्हतं म्हणून हे घडलं, असं कोण म्हणेल?

डच देवशास्त्री पेट्रस फान मास्ट्रिख्ट यांच्या ग्रंथाचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. अमेरिकन देवशास्त्री जोनाथन एडवर्ड्स यांनी १७४७ च्या एका पत्रात लिहिलं की बायबल सोडलं, तर जगातल्या कुठल्याही पुस्तकापेक्षा, टरेटिनपेक्षाही, हा ग्रंथ सरस आहे. इतकी शिफारस मिळूनही त्यातला नवजन्मावरचा एक भाग १७७० मध्ये इंग्रजीत आला आणि काम तिथेच थांबलं. संपूर्ण ग्रंथाचे इंग्रजी खंड निघायला २०१८ साल उजाडावं लागलं.

आणि नेदरलँड्समधल्या उट्रेख्टचे देवशास्त्री व्होएटियस? त्यांच्या निवडक वादचर्चांचे (विद्यापीठात आक्षेप-उत्तरांच्या रूपात होणाऱ्या चर्चांचे) पाच जाडजूड खंड १६४८ ते १६६९ या काळात निघाले. त्यांतला बहुतेक मजकूर आजही इंग्रजी पुस्तकाच्या रूपात मिळत नाही. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तशी त्यांचा मोठा वाद झाला होता. तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी देकार्तला हव्या त्या भाषेत वाचतात, आणि व्होएटियस कोण, तर देकार्तचा विरोधक, एवढंच त्यांना ठाऊक असतं. काय भाषांतरित झालं हे प्रकाशकाकडचे पैसे, एखाद्या प्राध्यापकाचं उरलेलं आयुष्य आणि निव्वळ योगायोग यांनी ठरवलं. त्याला चारशे वर्षांची विचारपूर्वक निवड समजणं म्हणजे इतिहास उलटा वाचणं आहे.

दुसरा मुद्दा सगळ्यांत गंभीर आहे. यंत्र चुका करतं हे खरंच आहे, पण कुठे करतं ते इशाऱ्यात कुणी सांगत नाही. ते कळलं तर अर्धी भीती जाते, आणि उरलेली अर्धी योग्य जागी बसते.

पहिली चूक भाषांतराच्या आधीच होते, छापील पान वाचताना. त्या काळच्या छपाईत शब्दाच्या सुरुवातीला आणि मध्ये येणारा ‘स’ उंच आणि वाकडा असे, जवळजवळ ‘फ’ सारखा. लॅटिनमध्ये ‘सिट’ म्हणजे ‘असो’ आणि ‘फिट’ म्हणजे ‘होतं, घडतं’. दोन्ही खरे शब्द, त्यामुळे यंत्राला संशयही येत नाही. दुसरं, जागा वाचवण्यासाठी मुद्रक ‘न’ किंवा ‘म’ गाळून आधीच्या स्वरावर आडवी रेघ देत, आपल्या अनुस्वारासारखी. नकारार्थी ‘नॉन’ हा शब्दही अशा रेघेने छापलेला सापडतो. कागदावर शाई फिकी झाली असेल आणि ती रेघ उमटलीच नसेल, तर वाक्यातला नकार डळमळीत होतो. समासातल्या टिपा ओळीत मिसळतात, मधेच आलेले ग्रीक आणि हिब्रू शब्द विस्कटतात. हे सगळं खरं आहे. पण मूळ पानाचं चित्र शेजारी ठेवलं, तर ज्याला जेमतेम लॅटिन येतं त्यालाही यातलं बरंचसं दिसतं.

दुसरी चूक या पुस्तकांच्या मांडणीतून येते. वादचर्चेत लेखक आधी प्रतिपक्षाचा आक्षेप देतो आणि मग उत्तर. त्रैक्य नाकारणाऱ्या सोसिनसच्या अनुयायांचं किंवा कॅथलिक पंडित बेलार्मिनचं म्हणणं टरेटिन पूर्ण ताकदीने मांडतात, त्याशिवाय खंडनाला अर्थ नाही. आता लांबलचक मजकूर तुकडे करून यंत्राला दिला, आणि तुकडा नेमका ‘आक्षेप’ या शब्दानंतर सुरू झाला, तर बेलार्मिनचं वाक्य टरेटिनच्या तोंडी जातं. प्रत्येक शब्दाचं भाषांतर बरोबर, आणि निष्कर्ष साफ उलटा. इलाज सोपा आहे: तुकडा पानाच्या मापाने न पाडता प्रश्नाच्या मापाने पाडावा. पूर्ण प्रश्न, त्यातले सगळे आक्षेप आणि उत्तरं एकत्र द्यावीत.

तिसरी चूक मला खरोखर धोक्याची वाटते. जुनी यंत्रं अडखळली की त्यांचं इंग्रजी मोडकं व्हायचं आणि वाचणारा सावध व्हायचा. आताची यंत्रं न कळलेली जागा गुळगुळीत वाक्याने भरून टाकतात, कधी एखादं अवघड वाक्य गाळूनही जातात. शिवाय कॅल्विनवर चाचणी घेऊन ‘बघा, किती छान जमतं’ म्हणणाऱ्यांचीही फसगत होते. कॅल्विनची इंग्रजी भाषांतरं जगभर पसरलेली आहेत, ती यंत्राच्या शिकवणीत असणारच. व्होएटियसच्या चौथ्या खंडावर चाचणी घ्या, मग बोलू. इथे इशारा देणाऱ्यांचं म्हणणं मला पटतं.

पण यावरून ‘वापरू नका’ हा निष्कर्ष निघत नाही. ही लॅटिन एखाद्या कवीची वळणदार लॅटिन नाही. ठरलेल्या संज्ञा, क्रमांक घातलेले मुद्दे, व्याख्येनंतर विभागणी, विभागणीनंतर युक्तिवाद. पुष्कळ पानं यंत्राला चांगली जमतात. आणि माणसाचं भाषांतर म्हणजे निर्दोष, हे तरी कुठे खरं आहे? सोळाव्या शतकातले रिफॉर्म्ड देवशास्त्री झांकियस यांचं पूर्वनियोजनावरचं (कुणाचं तारण होणार हे देवाने आधीच ठरवलं आहे या शिकवणीवरचं) लेखन इंग्रज पाळक ऑगस्टस टॉपलेडी यांनी १७६९ मध्ये इंग्रजीत आणलं. ते ‘बऱ्याच अंशी’ झांकियसच्या लॅटिनवरून केलं आहे, असं त्यांनी शीर्षकातच प्रामाणिकपणे सांगितलं. मजकुरात त्यांनी मोकळ्या हाताने फेरफार केले आहेत. तरी पिढ्यानपिढ्या लोक ते पुस्तक झांकियसचं म्हणूनच उद्धृत करत आले. तिथे कुणी पाखंडाचा इशारा दिला नाही.

तिसऱ्या मुद्द्याला फार वेळ द्यायला नको. लॅटिन शिकणं यंत्र येण्याच्या कितीतरी आधी ओसरलं. हॉज यांच्या वर्गातच ते ओसरत होतं, म्हणून तर गायगर यांना बसवलं गेलं. इंग्रजी मसुद्यात काही विलक्षण वाचलं, ते खरंच तसं आहे का हे पाहावंसं वाटलं, तर माणूस व्याकरण उघडतो. ज्या पुस्तकाचं नावही ऐकलेलं नाही, त्याच्यासाठी कुणी लॅटिन शिकत नाही.

चौथा मुद्दा, रिफॉर्म्ड शिस्तीचा. त्याचं उत्तर आपल्याच परंपरेत स्पष्ट लिहिलेलं आहे. रिफॉर्म्ड मंडळ्यांची शिकवण कलमवार मांडणाऱ्या, १६४६ च्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्राच्या पहिल्या अध्यायातलं आठवं कलम पाहा. बायबलचं हिब्रू आणि ग्रीक मूळ हेच प्रमाण, त्यामुळे धर्मविषयक वादात मंडळीने (चर्चने) अखेर मूळ भाषेकडेच जावं, असं ते सांगतं. आणि त्याच दमात असंही सांगतं की मूळ भाषा देवाच्या सगळ्या लोकांना येत नाहीत, म्हणून शास्त्राचं भाषांतर प्रत्येक राष्ट्राच्या लोकभाषेत व्हावं. वाचायला भाषांतर, वाद मिटवायला मूळ. १५४६ मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेने व्हल्गेट हे बायबलचं लॅटिन भाषांतरच प्रमाण ठरवलं, तेव्हा रिफॉर्म्ड विद्वानांनी विरोध केला तो नेमका याच भेदावरून. भाषांतर करण्याला त्यांचा विरोध नव्हता, भाषांतराला मूळाच्या आसनावर बसवण्याला होता.

हे कलम शास्त्राबद्दल आहे, टरेटिनबद्दल नाही, हे मला मान्य आहे. पण जी शिस्त देवाच्या वचनाला पुरते ती माणसांच्या पुस्तकांना पुरणार नाही का? तिच्यावरूनच नियम निघतात. यंत्राच्या मसुद्यावर ‘यंत्राचा मसुदा’ असं ठळक लिहावं. प्रत्येक परिच्छेदाला मूळ पानाचा क्रमांक द्यावा. वाचावं, शोधावं, कुठली वीस पानं नीट अभ्यासायची ते त्यावरून ठरवावं. प्रवचनात किंवा वादात अमुक लेखक असं म्हणतो असं सांगायची वेळ आली, की आधी लॅटिन तपासावं. ‘लेडन सिनॉप्सिस’ या, लेडन विद्यापीठाच्या प्राध्यापकांनी लिहिलेल्या १६२५ च्या देवशास्त्राच्या ग्रंथाची अलीकडची आवृत्ती लॅटिन आणि इंग्रजी समोरासमोर ठेवूनच छापली आहे, आणि ती अभ्यासकांच्या गटाने वर्षानुवर्षं बसून केली. तसं काम यंत्र करत नाही. पण तसं काम कुठल्या पुस्तकावर करावं हे ठरवायला ते मदत करतं.

राहिला शेवटचा मुद्दा, आपला काय संबंध. तोच ‘लेडन सिनॉप्सिस’ लिहिणाऱ्या चार प्राध्यापकांपैकी आंतोनियस वालेयस यांनी लेडनमध्ये पूर्वेकडच्या देशांसाठी धर्मोपदेशक तयार करणारं विद्यालय चालवलं. तिथे शिकलेले अब्राहाम रोजेरियस तमिळ किनाऱ्यावरच्या पुलिकतला दहा वर्षं राहिले. पद्मनाभ नावाच्या ब्राह्मणाकडून त्यांनी पोर्तुगीजमधून समजून घेऊन भर्तृहरीची नीती आणि वैराग्य ही शतकं डचमध्ये उतरवली. ती १६५१ मध्ये छापली गेली. त्याच शतकात आपल्याकडे वामन पंडित भर्तृहरी मराठी श्लोकांत आणत होते. संस्कृतातून तोंडी पोर्तुगीज, पोर्तुगीजमधून डच, म्हणजे दुहेरी कच्चं भाषांतर. तरी युरोपला भर्तृहरी पहिल्यांदा भेटला तो त्यातूनच, आणि मूळ संस्कृताकडे लोक नंतर वळले. परक्या धर्माच्या लोकांकडे कसं पाहावं, मंडळी नव्या भूमीत कशी रुजवावी, यावर व्होएटियस यांनी जे लिहिलं ते तर मुंबई, अहमदनगर, कोल्हापूरच्या मंडळ्यांनी आज वाचायला हवं.

इंग्रजी मसुद्यावरून मराठी करू पाहणाऱ्यांना मात्र एक विनंती आहे. यंत्राच्या इंग्रजीवरून पुन्हा यंत्राने केलेलं मराठी छापू नका, त्यात पहिल्या चुका लपतात आणि नव्या जोडल्या जातात. उतारा छोटा घ्या आणि लॅटिन पान सोबत ठेवा. आपल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत लॅटिन कधी रुजलं नाही, पण वसईत, पुण्यात, गोव्यात ज्येष्ठ कॅथलिक धर्मगुरू आहेत, आणि त्यांच्यातले कित्येक जण लॅटिन शिकलेले आहेत. टरेटिनचं पान घेऊन त्यांच्याकडे जायला संकोच करू नका. बेलार्मिनचा आक्षेप कुठे संपतो आणि टरेटिनचं उत्तर कुठे सुरू होतं, हे त्यांच्याइतकं चांगलं क्वचितच कुणी सांगू शकेल.